दारीं आलेला श्येन

माणसाच्या घरादाराशीं ज्यांचें नातें जडलें आहे अशीं पांखरें मोजकींच आहेत. चिमणी वळचणीला घरटें बांधते, कावळा पितरांच्या नांवानें ठेवलेला घास उचलून नेतो, पारवा खिडकीवरच्या छज्जावर आपला संसार मांडतो. हीं सारीं आपल्या ओळखीचीं. त्यांच्या येण्याजाण्याचें आपणांस कांहींच वाटत नाहीं. परंतु एखाद्या दिवशीं अकस्मात् एखादा शिकारी पक्षी सज्जाच्या कठड्यावर येऊन बसतो, किंवा आपल्या भक्ष्याचा पाठलाग करीत थेट घरांत शिरतो, आणि मग मात्र सारें घर गडबडून जातें. हा शुभ कीं अशुभ? ह्याला हाकलावें, धरावें, कीं जपावें? असे प्रश्न एकदम उभे राहतात. ह्या प्रश्नांना फार जुना इतिहास आहे, आणि तो आज थोडक्यांत आपल्यापुढें मांडावा असा माझा विचार आहे.

प्रथम नांवांचाच विचार करूं. कारण नांवांत इतिहास सांठून राहिलेला असतो. आपण 'बहिरी ससाणा' म्हणतों, तेव्हां पुष्कळांस वाटतें कीं, हा पक्षी कानांनीं बहिरा असावा. वस्तुतः त्याचा बहिरेपणाशीं कांहींएक संबंध नाहीं. अरबी भाषेंत 'बह्र' म्हणजे समुद्र, व 'बहरी' म्हणजे समुद्राकडचा. 'बाज' हा शब्द फारसी, आणि 'शिकरा' हा आपल्या परिचयाच्या 'शिकार' ह्या शब्दाचा सगोत्र. हीं नांवें दरबारांतून व शिकारखान्यांतून आपल्याकडे आलीं. परंतु ह्या सर्वांहून जुना शब्द म्हणजे संस्कृतांतील 'श्येन'. त्याचाच भाऊ प्राचीन इराणच्या अवेस्ता भाषेंत आढळतो, आणि फारसी काव्यांतील अद्भुत पक्षी 'सीमुर्ग' ह्याच्या नांवांतहि तोच शब्द दडलेला आहे. तात्पर्य, हा पक्षी आपल्या भाषेंत दोन दारांनीं आला: एक यज्ञमंडपाचें, दुसरें राजवाड्याचें.

यज्ञमंडपांत त्याचा मान मोठा होता. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलांतील २६ व २७ ह्या सूक्तांत श्येनानें स्वर्गांतून सोम आणल्याची कथा आहे. अग्निचयनाच्या विधींत विटांची जी वेदी रचीत, तिचा एक प्रसिद्ध आकार पंख पसरलेल्या श्येनाचा असे. तिच्या विटांचीं मापें व मांडणी शुल्बसूत्रांत दिलेली आहे. हा विधि १९७५ सालीं केरळांतील पांजाळ येथें नंबूद्री ब्राह्मणांनीं केला, तेव्हां त्याचें चित्रपटीकरणहि झालें.

आतां दुसरी बाजू पाहा. त्याच ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १६५ वें सूक्त घरांत शिरलेल्या एका पांखराबद्दल आहे. तें पांखरूं निर्ऋतीचा दूत होय, त्याच्यापासून आमच्या माणसांस व गुराढोरांस पीडा न होवो, अशी त्यांत प्रार्थना आहे. हें भयंकर पांखरूं कोणतें असेल बरें? ससाणा? गिधाड? नव्हे, तें आहे कपोत, म्हणजे आपलें साधें कबुतर! त्याच्या जोडीला घुबडाच्या ओरडण्याचाहि उल्लेख आहे. ज्या काळीं श्येन स्वर्गांतून अमृत आणीत होता, त्या काळीं कबुतर घरांत येणें हें संकट मानलें जाई. आज आपण कबुतरांस मुठीमुठीनें दाणे टाकतों, मुंबईसारख्या शहरांत २०२५ सालीं कबुतरखान्यांवरून मोठा वाद माजतो, आणि शिकारी पक्षी दिसला कीं मात्र मनांत शंका येते. शुभाशुभाच्या कल्पना पांखरांच्या अंगीं नसतात, त्या माणसांच्या मनांत असतात, ह्याला ह्याहून बोलका पुरावा तो कोणता?

पुढें शकुनांचें एक स्वतंत्र शास्त्रच झालें. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत शकुनांसाठीं अनेक अध्याय खर्चीं घातले आहेत. पक्षी कोणत्या दिशेस बसला, कोणत्या वेळीं ओरडला, ह्यांवरून फळें सांगण्याची ती विद्या. तिला आपण आज हसूं. परंतु तिच्यामुळें लोक पांखरांकडे बारकाईनें पाहत, हेंहि खरें. तोटा असा झाला कीं, पांखरूं हें स्वतः कोणी आहे, त्याला स्वतःची भूक आहे, ही गोष्ट मागें पडली. तें केवळ आपल्या भविष्याची चिठ्ठी आणणारा जासूद ठरलें. विशेषतः घुबडाचे ह्या समजुतीपायीं फार हाल झाले. शेतांतले उंदीर खाणारा हा उपकारी पक्षी आजतागायत दगड खात आला आहे.

मध्ययुगांत ह्या पक्ष्यांचा घरांत येण्याचा दुसरा मार्ग रूढ झाला. तो म्हणजे माणसाच्या मनगटावरून. कुमाऊंचा राजा रुद्रदेव ह्यानें सोळाव्या शतकांत 'श्यैनिकशास्त्र' नांवाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री ह्यांनीं तो १९१० सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीमार्फत प्रसिद्ध केला. शिकारी पक्षी कसे धरावे, कसे माणसाळवावे, त्यांचीं दुखणीं कशीं ओळखावीं, ह्याचा ह्या ग्रंथांत सांगोपांग विचार आहे. रुद्रदेवानें ह्या पक्ष्यांचे काळ्या डोळ्यांचे व पाटल, म्हणजे तांबूस डोळ्यांचे, असे दोन वर्ग पाडले. ही नुसती कविकल्पना नव्हे. बहिरी ससाणा व त्याचे सोयरे काळसर डोळ्यांचे असतात, तर बाज व शिकरा हे पिवळ्या किंवा तांबड्या डोळ्यांचे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पुष्कळ शास्त्रज्ञ ह्या दोन्ही कुळांस एकमेकांचे नातलग समजत होते. २००८ सालीं पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याची मोठी तपासणी प्रसिद्ध झाली, आणि काळ्या डोळ्यांच्या ससाण्यांचें खरें जवळचें नातें शिकऱ्याशीं नसून पोपटांशीं आहे असें तींतून दिसून आलें. मनगटावर पक्षी घेऊन हिंडणाऱ्या राजाच्या नजरेनें जो भेद टिपला, त्याला असा चारशें वर्षांनीं पाठिंबा मिळाला.

मोगल दरबारांत तर ह्या शौकाला सीमा राहिली नाहीं. अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत ससाण्यांच्या किंमती व ते बाळगणाऱ्या नोकरांचें वेतन नोंदून ठेवलें आहे. जहांगीर बादशहाच्या आठवणींत एक हृदयस्पर्शी प्रसंग आहे. इराणच्या शाह अब्बासनें त्यास उत्तरेकडील थंड मुलखांतला एक दुर्मिळ ससाणा भेट म्हणून धाडला. वाटेंत देखभाल करणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळें मांजरानें त्याला जखमी केलें, आणि दरबारांत पोहोंचल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला. ही १६१९ सालची गोष्ट. बादशहा त्याच्या रूपावर इतका लुब्ध झाला होता कीं, त्यानें 'नादिर-उल्-अस्र' ह्या पदवीनें गौरविलेल्या उस्ताद मन्सूर ह्या चित्रकाराकडून त्याचें चित्र काढवून घेतलें. शेंकडों कोस दूर डोंगरकड्यांवर वावरणारा पक्षी. त्याला राजवाड्याच्या वाटेवर मृत्यु आला तो एका मांजराच्या पंज्यानें!

ह्या वैभवाची किंमत कोण देत होतें, हेंहि पाहिलें पाहिजे. बंदिवासांत ससाण्यांची पैदास करण्याची विद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच रुजली. म्हणजे त्यापूर्वीं राजेरजवाड्यांच्या मनगटावर बसलेला जवळजवळ प्रत्येक पक्षी रानांतून जाळ्यानें धरून आणलेला असे. नवीन धरलेल्या पक्ष्याच्या पापण्या दोऱ्यानें टांचून ठेवण्याची चाल आपल्या देशांत होती. अंधारानें त्याची भीति मोडावयाची, भुकेनें त्याला हातावर आणावयाचें, पायांत चामड्याची दोरी व घुंगरूं बांधावयाचें, असा हा शिक्षणक्रम. ह्या विद्येंत अपार चिकाटी व पक्ष्याविषयीं खरें प्रेमहि होतें, हें मी नाकारीत नाहीं. जगांतील अनेक देशांच्या ह्या परंपरेस युनेस्कोनें २०१० सालीं मानवी सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, तें उगाच नव्हे. परंतु पाहुण्याच्या पापण्या टांचून केलेल्या पाहुणचारास पाहुणचार म्हणतां येत नाहीं.

ह्या सर्व मंडळींत शिकरा हा गरिबांचा ससाणा. आकारानें कबुतराएवढा, पाठ राखी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा. मादी नरापेक्षां मोठी; म्हणून हिंदुस्थानांतील शिकारी लोक मादीलाच 'शिकरा' म्हणत, आणि नराला 'चिपका' असें वेगळें नांव देत. बाज किंवा बहिरी बाळगणें राजांस शोभे. पण शिकरा लवकर माणसाळतो, म्हणून सामान्य माणूसहि त्याला बाळगी. त्याला तळहातांत धरून सावजाच्या दिशेनें चेंडूसारखा फेंकण्याची त्यांची रीत होती. जंगलांत, शेतांत, गांवालगतच्या आमराईंत, शहरांतल्या मोठ्या झाडांवर, सर्वत्र हा आढळतो. त्याची चपळाई इतकी नांवाजलेली कीं, मुंबईंत कुलाब्यास असलेल्या नौदलाच्या हेलिकॉप्टरतळास २००९ सालीं त्याचेंच नांव देण्यांत आलें.

ह्या पांखराविषयीं मी हें सारें आज बोलत आहें, त्याला एक घरगुती निमित्त घडलें. गेल्या हिवाळ्यांत, सकाळच्या वेळीं, एक बुलबुल सज्जाच्या उघड्या दारांतून आमच्या घरांत शिरला, आणि त्याच्या मागोमाग एक शिकरा. बुलबुल कपाटाच्या मागें दडला. शिकरा आरशावर आपटला, खालीं पडला, आणि सांवरून पुस्तकांच्या मांडणीवर जाऊन बसला. डोळे लालभडक, चोंच किंचित् उघडी, छाती धपापत होती. शेजारच्या वृद्ध मावशी दाराशीं येऊन म्हणाल्या, "मास्तर, शिकारी पांखरूं घरांत शिरलें, हें बरें नव्हे. भटजींना बोलावून शांति करून घ्या." एक आप्त म्हणाले, "चादर टाकून धरूं या. हौशी माणूस चांगले पैसे मोजील." माझा नातू म्हणाला, "आजोबा, आपणच ह्याला पाळूं या ना!" शकुनशास्त्राची भीति, बाजाराचा हिशेब आणि राजवाड्याची हौस, असा सगळा इतिहास त्या लहानशा खोलींत एकाच वेळीं बोलूं लागला.

आम्हीं एवढेंच केलें कीं, आंतलीं दारें लावून घेतलीं, आरशावर चादर टाकली, पडदे ओढून खोली अंधारी केली, सज्जाचें दार मात्र सताड उघडें ठेवलें, आणि सगळे बाहेर येऊन गप्प बसलों. सुमारें अर्ध्या तासानें शिकरा उजेडाच्या दिशेनें निघून गेला. बुलबुल त्यानंतर बऱ्याच वेळानें कपाटामागून बाहेर पडला. सर्वांस हायसें वाटलें. तेवढ्यांत माझ्या आठ वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजोबा, बुलबुल वांचला हें चांगलें झालें. पण मग शिकरा आज उपाशीच राहिला ना?"

श्रोतेहो, हा प्रश्न लहान मुलीचा खरा, परंतु तो महाभारताइतका जुना आहे. वनपर्वांत लोमश ऋषि पांडवांस उशीनर राजाची कथा सांगतात. श्येनाच्या भयानें एक कपोत राजाच्या आश्रयास येतो. शरणागताचें रक्षण करणें हा राजाचा धर्म. ही कथा आपण मुलांना सांगतों, तेव्हां राजाचें औदार्य तेवढें सांगतों. परंतु मूळ आख्यानांत श्येन गप्प बसत नाहीं, तो वाद घालतो. सर्व प्राणी अन्नावर जगतात. तूं माझें अन्न हिरावून घेतलेंस तर मी मरेन, आणि माझ्यामागें माझीं बायकापोरें मरतील. एकाला वांचवितांना तूं अनेकांचा घात करीत आहेस. जो धर्म दुसऱ्या धर्माच्या आड येतो तो धर्म कसला, असा त्याचा युक्तिवाद आहे. राजा त्याला बैल, वराह, हरिण, महिष, हवें तें मांस देऊं करतो. श्येन म्हणतो, तें माझें अन्न नव्हे. अखेर राजा कपोताच्या भारंभार आपलें मांस तराजूंत घालूं लागतो, तरी कपोताचें पारडें जडच राहतें, आणि शेवटीं तो स्वतःच पारड्यांत चढतो. श्येन हा इंद्र, व कपोत हा अग्नि, हें मागाहून कळतें. हीच कथा शिबि राजाच्या नांवानेंहि प्रसिद्ध आहे. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यांतील भिंतीवर ती रंगविलेली आहे.

ह्या कथेंतली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट मला राजाचा त्याग ही वाटत नाहीं. श्येनाचें म्हणणें खोटें आहे असें राजा एकदांहि म्हणत नाहीं, ही वाटते. त्याला उत्तर म्हणून देण्यास राजाजवळ स्वतःच्या देहाशिवाय कांहीं उरत नाहीं. शिकारी पक्ष्याला दैवत मानणारे झाले, जासूद मानणारे झाले, नोकर मानणारे झाले; परंतु त्यालाहि एक बाजू आहे, आणि ती न्यायासनापुढें मांडतां येण्याजोगी आहे, असें मानणारा हा कथाकार मला त्या सर्वांहून मोठा वाटतो. नातीस मीं हेंच सांगितलें कीं, होय बाळ, शिकरा उपाशी गेला. आणि त्यांत त्याचा कांहींच अपराध नव्हता. घरांत आलेल्यास आपण वांचवितों. पण बाहेर झाडावर तो शिकार करतांना दिसला तर त्याला दगड मारावयाचा नाहीं.

कोणी म्हणेल, हा विचार धर्मकथेपुरता ठीक. व्यवहारांत त्याचें काय? व्यवहारांत त्याचा प्रत्यय विसाव्या शतकानें फार महागांत आणून दिला. स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल म्युलर ह्यांनीं १९३९ सालीं डी. डी. टी. ह्या द्रव्याचा कीटकनाशक गुण शोधून काढला. त्यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. महायुद्धानंतर हें द्रव्य शेतांवर बेसुमार फवारलें गेलें. तें किड्यांतून लहान पांखरांत, लहान पांखरांतून बहिरी ससाण्यांत सांठत गेलें. अंड्यांचीं कवचें पातळ होऊं लागलीं, आणि उबवणाऱ्या मादीच्या भारानेंच अंडीं फुटूं लागलीं. हें पातळपण डेरेक रॅटक्लिफ ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १९६७ सालीं जुन्या संग्रहांतील अंड्यांशीं तुलना करून दाखवून दिलें. अमेरिकेच्या पूर्व भागांतून तर हा पक्षी तोपर्यंत नाहींसा झाला होता. तेथें १९७२ सालीं डी. डी. टी. चा शेतींतला वापर बंद झाला, माणसांनीं हातीं वाढविलेलीं पिल्लें रानांत सोडण्यांत आलीं, आणि १९९९ सालीं संकटग्रस्तांच्या यादींतून ह्या पक्ष्याचें नांव वगळतां आलें. आज न्यूयॉर्कच्या पुलांवर व उंच इमारतींवर तो घरटीं करतो, आणि तेथलीं कबुतरें खातो.

आपल्या देशांतील गिधाडांची कहाणी मात्र इतकी सुखान्त नाहीं. गुरांस दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या जनावरांच्या मांसांतून त्यांच्या पोटांत जाई, व त्यांचीं मूत्रपिंडें निकामीं करी. हें कारण २००४ सालीं उघडकीस आलें, आणि २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं त्या औषधावर बंदी घातली. परंतु तोंपर्यंत पांढऱ्या पाठीचें गिधाड १९९२ च्या मानानें हजारांत एक ह्या प्रमाणांत उरलें होतें. ज्या गिधाडांच्या भरंवशावर मुंबईच्या पारशी समाजाची डुंगरवाडी चालत आली, तीं तेथून दिसेनाशीं झालीं, आणि शेंकडों वर्षांच्या एका धर्मविधीपुढें मोठा पेंच उभा राहिला. आपण ज्याला अशुभ म्हणून छपरावरून हुसकावीत होतों, तो न येण्यानेंच खरें अशुभ घडलें.

ह्या इतिहासाचा बोध साधा आहे. शिकारी पक्षी घराजवळ आला, तर त्याचा अर्थ एवढाच कीं, आसपास झाडें आहेत, सरडे, उंदीर व लहान पांखरें आहेत, आणि त्यांच्या अंगांत अजून विष भिनलेलें नाहीं. हा शकुनच मानावयाचा, तर शुभच मानावा. तो घरांत अडकला, तर त्याला वाट मोकळी करून द्यावी व आपण दूर व्हावें. जखमी असेल, तर हवेसाठीं भोंकें पाडलेल्या खोक्यांत, अंधारांत, शांत ठेवावा, तोंडांत बळेंच पाणी घालूं नये, आणि वन खात्यास कळवावें. त्याला धरून ठेवणें किंवा विकणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. मोठमोठ्या कांचांवर आकाशाचें प्रतिबिंब पडतें, व पांखरें त्यांवर आपटून मरतात. तेथें पडदा किंवा जाळी लावणें फारसें खर्चाचें नाहीं.

वैदिक ऋषींनीं श्येनाच्या आकाराची वेदी रचली, राजांनीं त्याला रत्नजडित टोपी घातली, शास्त्रज्ञांनीं त्याच्या अंड्यांचीं कवचें मोजलीं. आपल्यासारख्या गृहस्थांच्या वांट्यास ह्याहून सोपें काम आलें आहे. दार उघडें ठेवावें, आणि त्याच्या भुकेबद्दल त्याला शिक्षा करूं नये.